झोळीवाल्याची भीती



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी करायची, अनुदानावरून सरकारला चार शब्द सुनवायचे, तरुण पिढी वाचत नाही म्हणून उसासा टाकायचा आणि खाली उतरायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून पहिल्या काळजीतली हवा जरा गेली आहे. उरलेल्या दोन गोष्टी माझ्याआधीच्या अध्यक्षांनी माझ्यापेक्षा चांगल्या बोलून ठेवल्या आहेत. मला आज बोलायचं आहे ते मराठीत सगळ्यात जास्त लिहिल्या आणि वाचल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल. तो कादंबरीत नाही, दिवाळी अंकातही नाही. तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनवर आहे, आणि मी बोलत असताना मागच्या रांगांत काही जण तो वाचतही आहेत. वाचा, माझी हरकत नाही.

धुळे जिल्ह्यात उभं राहून या विषयावर बोलायचं तर राईनपाड्याचं नाव टाळता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी पाड्यावर पाच भिक्षेकरी आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसं, बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले. दामाजीपंतांचं मंगळवेढं, ज्या गावकुसाखाली चिरडून चोखोबा गेले तेही तिथलंच. त्या पाचांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, आणि तेवढं निमित्त पुरलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज कित्येक दिवस फोनवर फिरत होते. जमावाने पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडलं आणि आत घुसून ठार मारलं. मारतानाचं चित्रीकरणही झालं. ग्रामपंचायतीचं कार्यालय म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत आहे. टेबल, खुर्च्या, दाखल्यांच्या फायली, भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी. गावातलं सरकार म्हणायचं ते तेवढंच. त्या खोलीत हे घडलं.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरले त्यांतला एक मी नीट पाहिला आहे. मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि निघून जातात. हा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केला होता. मूळ फितीत तेच दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात: मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. आपल्याकडे आला तेव्हा फलक नव्हता. कोणीतरी शेवटचे काही सेकंद कापले होते. संपादन नावाची कला आपण साहित्यिक फार मिरवतो. तिचा एवढा परिणामकारक नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पण दोष सगळा कात्रीचा आणि यंत्राचा, असं म्हणून मला सुटायचं नाही. अफवेला व्हॉट्सॲप लागतंच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो ही बातमी एसटीडी बूथवरून आणि घरच्या फोनवरून काही तासांत देशभर गेली, परदेशातल्या मराठी घरांतही पोचली. दुपारपर्यंत दुकानांतलं दूध संपलं. लोकांनी रांगा लावल्या, चमचे पुढे केले, शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला आणि संध्याकाळी सगळे घरी गेले. कोणाच्या अंगाला बोट लागलं नाही. वेग होता, गर्दी होती, भाबडेपणा तर वारेमाप होता. मग तेव्हा रक्त का सांडलं नाही? कारण त्या अफवेत आरोपी नव्हता.

राईनपाड्याच्या अफवेत तो होता, आणि मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, की त्याला त्या व्हिडिओने तयार केलेलं नाही. तो आधीपासून तयार होता. तुमच्या-माझ्या घरात, जेवणाच्या ताटापाशी. “मुकाट्याने खा, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल.” आपल्या कित्येक पिढ्या हे ऐकत जेवल्या. कुठे गोसावी, कुठे बुवा, कुठे नुसताच झोळीवाला. यात द्वेष नव्हता हो, मला मान्य आहे. आईला पोराच्या पोटात चार घास जायला हवे होते. पण त्या घासांबरोबर एक चेहराही पोटात गेला: दाढी, मळकी भगवी कापडं, खांद्याला झोळी, बोली थोडी वेगळी, मुक्काम ठाऊक नाही. मेसेजमध्ये ‘टोळी’ एवढाच शब्द असला तरी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हाच माणूस. टोळीला टाय लावून मोटारीतून उतरताना आपण कधी कल्पनेत पाहिलेलं नाही.

घरात आईने जे केलं ते सरकारने कायद्यात केलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. त्यांतली सोलापूरची तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षं हे चाललं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले, निदान कागदावर. पुढे १९५९ साली मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणं त्यात भीक ठरलं. डवरी गोसाव्याचं डमरू, बहुरूप्याचं सोंग, जोशाचं पंचांग हे सगळं सरकारदरबारी एकाच खात्यात गेलं. जन्माचा गुन्हा सुटला आणि पोटाचा लागला.

आणि डवरी गोसावी तर नाथपंथी. ज्या नाथपरंपरेतून गहिनीनाथांचा उपदेश निवृत्तिनाथांकडे आणि तिथून ज्ञानदेवांकडे आला, तीच ही परंपरा. ज्यांच्यापासून आपण मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवायला घेतो, त्या भावंडांनाही आळंदीत ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवलं गेलं होतं. आपल्या मोठ्या संमेलनांत ग्रंथदिंडीत पालखी निघते, ज्ञानेश्वरी डोक्यावर घेतली जाते. त्या पालखीपुढे एखादा डवरी गोसावी स्वतःहून झोळी घेऊन येऊन उभा राहिला, तर स्वयंसेवक त्याला कुठे उभं करतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आपण हे वाचलेलं नाही, असंही नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लगेच साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं, त्यालाही अकादमी मिळाली. पुस्तकं अभ्यासक्रमांत गेली, त्यांवर प्रबंध झाले, पदोन्नत्याही झाल्या. ‘उचल्या’वर वर्गात तास घेणारे प्राध्यापक आणि गल्लीत फेरीवाल्यांची टोळी फिरतेय म्हणून ग्रुपवर मेसेज टाकणारे काका एकाच माणसाच्या देहात सुखाने नांदू शकतात. मी अशा एका गृहस्थांना चांगला ओळखतो. निवृत्त झालेत. माणूस अत्यंत सज्जन आहे, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा.

त्यांनी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला एक मेसेज मी जपून ठेवला आहे. वाङ्मयप्रकार म्हणून तो अभ्यासण्यासारखा आहे. सुरुवातीला ‘सावधान’ आणि तीन उद्गारचिन्हं. मग ‘आपल्या भागात’. कुठला भाग, याचा पत्ता नाही; म्हणजे जो वाचेल त्याचा. तारीख नाही, म्हणजे वाचाल तो दिवस आजचा. मग ‘पोलीस खात्यातल्या एका मित्राकडून समजलं’. त्यानंतर वर्णन: बायका ब्लँकेट विकायच्या निमित्ताने येतात, पुरुष भगव्या वेशात. शेवटी ‘खात्री नाही, पण काळजी घेतलेली बरी’ आणि ‘जसा आला तसा पाठवतोय’. ही शेवटची दोन वाक्यं मला फार महत्त्वाची वाटतात. पहिल्यात शहाणपणाचा आव आहे, दुसऱ्यात जबाबदारी झटकलेली आहे, आणि दोन्हींच्या मधोमध एका माणसाची ओळख पुरी करून दिलेली आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. व्याकरण पक्कं. हे अडाण्याचं लेखन नव्हे, मंडळी. हे आपल्यातल्या कोणाचं तरी आहे.

राईनपाड्यानंतर काय झालं? व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. पुढे पाठवलेल्या मेसेजवर तसा शिक्का येऊ लागला. भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा आली. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्यांबाबत राज्यांना निर्देश दिले: जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमा, अफवांवर नजर ठेवा. ठीकच झालं. पण त्या दिवसांत मराठी ऑनलाइन चर्चा ज्यांनी वाचल्या त्यांना आठवत असेल, की दोन दिवसांत तिथे नवा आरोपी सापडला होता. अडाणी आदिवासी. जंगली लोक, यांना कशाला फोन हवेत, असले शेरे पडत होते. गाव ओस पडलं होतं, अटकेच्या भीतीने पुरुष परागंदा झाले होते, आणि शहरातले लोक वातानुकूलित खोलीत बसून सबंध समाजाला नावं ठेवत होते. एका समाजाला जन्मावरून चोर ठरवल्याने पाच माणसं मेली, म्हणून दुसऱ्या समाजाला जन्मावरून खुनी ठरवायचं. गुन्हा केलेल्यांवर खटला चालायलाच हवा. मी बोलतोय ते त्या खटल्यात ज्यांचं नाव नाही त्यांच्याबद्दल.

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला तर याच्यापुढचा अंक झाला. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघांना जमावाने पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारलं. अफवा तीच, चोर आणि मुलं पळवणारे. त्याच परिसरात थोड्याच दिवसांपूर्वी मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरांच्या गाडीवरही जमाव चालून गेला होता. व्हिडिओ बाहेर आला आणि त्यात कोणीतरी ‘ओये बस’ असं ओरडतंय, ते लोकांना ‘शोएब’ ऐकू आलं. बस म्हणणारा माणूस मुसलमान झाला. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, की यात एकही मुसलमान नाही. मग काहींनी मिशनऱ्यांकडे बोट दाखवलं, काहींनी कम्युनिस्टांकडे. मेलेल्या तिघांबद्दलचं दुःख या सगळ्यात कुठे होतं, मला शोधून सापडलं नाही.

ते दिवसच तसे होते. करोना कोणी आणला, याचं उत्तर लोकांना विषाणूच्या नावात नको होतं, माणसाच्या आडनावात हवं होतं. जुनेपुराणे, भलत्याच ठिकाणचे व्हिडिओ तबलीगी जमातच्या नावाने फिरले. भाजीवाल्यांना नाव विचारून गल्लीबाहेर काढलं गेलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या दिल्लीतल्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथ किंवा आपत्ती आली की सरकार बळीचा बकरा शोधू पाहतं, असं न्या. नलावडे यांनी त्या निकालात लिहिलं. निकालाची बातमी मी आमच्या ग्रुपवर टाकली होती. दोन अंगठे आले. मार्चमधल्या त्या व्हिडिओंवर चर्चा पहाटेपर्यंत रंगली होती.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर आपल्या साहित्यिक चर्चांबद्दलही बोलू. कोणी इतिहासावर, आरक्षणावर किंवा एखाद्या संतावर चार ओळी लिहिल्या की खाली पहिला प्रश्न येतो: आडनाव काय? उत्तर मिळालं की मुद्द्याची गरज संपते. ब्राह्मण असेल तर हे येणारच, मराठा असेल तर माज, दलित असेल तर सगळं फुकट हवं, मुसलमान असेल तर तिकडे जा. बाई असेल तर आडनावही लागत नाही. सगळ्या बाजूंची माणसं हे करतात, आपल्या लाडक्या कवींचाही त्यात हात असतो. आणि हे करणाऱ्या प्रत्येकाला मनापासून वाटतं, की अन्याय आपल्यावर होतोय. त्याचं ते वाटणं अनेकदा खरंही असतं. शेती बुडालेली असते, पोराला नोकरी नसते, फीचा आकडा झोप उडवतो. दुखणं खरं असतं, फक्त त्याचा पत्ता चुकीचा दिलेला असतो, आणि तो चुकवण्यात कोणाचा तरी फायदा असतो.

शेवटी एक घटना सांगतो. राईनपाड्यापुढे ती झाकोळून गेली. त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात परभणीकडून आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मोठ्या जमावाने घेरलं. त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. तिथल्याच काही रहिवाशांनी त्यांना एका घरात घेतलं, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. पोलिसांवर जमाव चालून गेला, गाडीची मोडतोड झाली, पण पाचही जण जिवंत बाहेर पडले. त्या गल्लीतल्या लोकांच्या फोनवरही तेच मेसेज आले होते. त्यांच्याही आयांनी त्यांना झोळीवाल्याची भीती घातली असणार. दार लावणाऱ्यांपैकी कोणी आधी काही लिहिलं होतं का, कोणाला काय म्हणाले, बाहेर ओरडणारे शेजारीच होते त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी कसे बोलले, हे कोणी मराठी लेखकाने जाऊन विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मारणाऱ्यांवर लिहिलं गेलं, मेलेल्यांवर थोडं कमी. दार लावणाऱ्यांवर कथा नाही, रिपोर्ताज नाही. मालेगाव इथून तासाभराच्या आसपास आहे. उद्या संमेलन संपल्यावर ज्यांच्या गाड्या त्या बाजूने जाणार आहेत, त्यांनी थोडी वाट वाकडी करावी.

पुढच्या परिसंवादातले वक्ते माझ्याकडे पाहून घड्याळाकडे पाहू लागले आहेत. माझं बोलणं इथेच थांबवतो.