चौघांचे गाणे



द्वारसभांतून बोलून घसा बसवून घेतलेली आम्ही माणसे. आम्हांला ख्रिस्ती प्रार्थनासंगीतावर बोलायला उभे करण्यात चालकांनी धाडसच केले आहे. गाण्याचे शास्त्र आम्ही कोणापाशी शिकलो नाही, आणि देवाविषयी आमचे मत काय आहे हे येथील पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही हे गाणे आम्हांला सोडीत नाही.

इंग्लंडमध्ये १९७४ साली हिलिअर्ड एन्सेम्बल नावाचा गायकांचा लहानसा संच निघाला. निकोलस हिलिअर्ड या लघुचित्रकाराचे नाव त्यांनी घेतले, ते शोभलेही. पुढे या संचात चार पुरुष राहिले. वरच्या पट्टीत, आपण बायकांची म्हणू अशा, डेव्हिड जेम्स गात. आरंभापासून ते २०१४ च्या डिसेंबरात लंडनला शेवटची मैफल होईपर्यंत ते संचात होते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज चमत्कारिक वाटतो. दोन मिनिटांत ते वाटणे ओसरते.

जुन्या चर्चसंगीताबरोबर या मंडळींनी हयात संगीतकारांचीही गाणी गाइली. त्यांतले मुख्य एस्टोनियाचे आर्वो पेर्ट. जन्म १९३५ चा. एस्टोनिया पुढे सोव्हिएत राज्यात गेला. १९६८ साली टालिन शहरात त्यांची 'क्रेडो' ही रचना झाली. क्रेडो म्हणजे 'मी श्रद्धा ठेवतो'. नावातच गुन्हा होता. रचनेवर बंदी आली. पुढची काही वर्षे त्यांनी फार थोडे लिहिले, जुन्या मठांतल्या एकसुरी गायनाचा अभ्यास केला. १९७७ साली त्याच श्रद्धेचे लॅटिन शब्द त्यांनी पुन्हा चार आवाजांना दिले, पण नाव ठेवले 'सुम्मा'. नावावरून आतले कळू नये, अशी सोय. १९८० मध्ये कुटुंबासह देश सोडावा लागला.

ते राज्य कामगारांच्या नावाने चालत होते. आम्ही स्पष्टच सांगतो, गाणे बंद करण्याचा मुखत्यारपत्राचा कागद कामगाराने कोणाला लिहून दिला नव्हता. हे बोलणे आमच्या काही सहकाऱ्यांना आवडणार नाही. न आवडो.

आता गाण्याची घडण. १९७६ पासून पेर्ट यांनी एक रीत धरली. एक आवाज पायरी पायरीने चढतो किंवा उतरतो. त्याच्या जोडीचा आवाज तीनच सुरांवर फिरतो. आपल्या भाषेत सा, ग, प, आणि पुष्कळदा गंधार कोमल. पहिल्याने कोणता सूर घेतला यावर दुसऱ्याचा सूर ठरतो. घंटेच्या नादाशी नाते जोडून या रीतीला नाव पडले आहे. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. लपायला जागाच नाही. मोठ्या मेळ्यात एकाचा सूर ढळला तर शेजारचा झाकून घेतो. चौघांत ढळला की सगळी इमारत कलते.

संघाच्या कचेरीत एका संध्याकाळी आम्ही हे ध्वनिमुद्रण लावले. साचेखात्याच्या गोंगाटात जन्म काढलेले एक म्हातारे गृहस्थ कान देऊन बसले होते. त्यांनी विचारले, "यांचा पुढारी कोण?" आम्ही म्हटले, "बाबा, समोर काठी हलवणारा कोणी नाही." ते थोडे थांबून म्हणाले, "मग हे एकदम सुरू कसे होतात?" श्वासावर. एकाने श्वास घेतला की उरलेल्या तिघांना तो ऐकू येतो. पण त्यासाठी आपले गाताना दुसऱ्याचे ऐकावे लागते. आमच्या कार्यकारिणीच्या सभांना आम्ही कितीदा बसलो आहोत! तेथे बोलणारे मुबलक असतात.

पेर्ट यांची 'दे प्रोफुंदिस' ही रचना १९८० ची, देश सोडला त्याच सालातली. पुरुषांचे आवाज, ऑर्गन आणि थोडी तालवाद्ये. शब्द बायबलातल्या एकशे तिसाव्या स्तोत्राचे, खोल गर्तेतून मारलेल्या हाकेचे. आरंभी खालचे आवाज येतात, अगदी हळू. जणू ओझे उचलण्यापूर्वी अंदाज घेत आहेत. वरचे आवाज मागून उत्तर देतात. अधूनमधून ढोलाचा एक दबका ठोका पडतो. सहासात मिनिटांची गोष्ट, पण चारी आवाज एकत्र यायला जवळजवळ शेवट गाठावा लागतो. त्या म्हाताऱ्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला पंखा बंद करायला लावला.