नारेकचा मठ

पूर्व तुर्कस्तानात वान नावाचं भलं मोठं खारं सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेला येमिशलिक नावाचं एक खेडं आहे. पूर्वी त्याला नारेक म्हणत, आणि तिथे आर्मेनियन ख्रिस्ती साधूंचा मठ होता. मी तो पाहिलेला नाही. आता कुणालाच पाहता येणार नाही. एका पुस्तकात त्याचं जुनं छायाचित्र तेवढं पाहिलं.

मला त्या मठाची ओढ लागली ती तिथल्या कवीमुळे. ग्रिगोर त्याचं नाव. काळ दहाव्या शतकाचा, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. आई लहानपणीच गेली. वडील बिशप होते. त्यांनी मुलाला या मठात, मठाधिपती असलेल्या नातलगाच्या हाती सोपवलं. ग्रिगोर जन्मभर तिथेच राहिला आणि १००२ च्या सुमारास, शरीर दुखण्यानं खचलेलं असताना, ९५ प्रार्थनांचा ग्रंथ त्यानं पुरा केला. त्यात तो देवाशी बोलतो. आपले दोष एकेक करून मांडतो, इतके की वाटावं, बाबा रे, पुरे आता! तुकोबा वाचलेल्यांना हा सूर परका वाटणार नाही. मी तो इंग्रजी भाषांतरातून, अडखळत वाचला.

आर्मेनियन माणसं या ग्रंथाला नुसतं 'नारेक' म्हणतात. आजाऱ्याच्या उशाखाली ठेवतात. कवीची कबरही त्या मठातच होती.

१९१५ साली ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांचा संहार झाला. जे वाचले ते परागंदा झाले, मठ ओस पडला. पुढे १९५१ च्या सुमारास तो पाडला गेला, असं सांगतात. आज त्या जागी मशीद आहे.

इथे माझं पाऊल अडतं. मी नमाजी माणूस. परमुलखात मशीद दिसली की जीव भांड्यात पडतो. त्या गावात आज नमाज पढणाऱ्या शेतकऱ्याला मी काय बोल लावणार? पण एका कवीची कबर पुसून झालेल्या जमिनीवर माझं कपाळ टेकेल का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

त्याच सरोवरात अख्तामार नावाचं बेट आहे. तिथलं दहाव्या शतकातलं चर्चही १९५१ मध्येच पाडायला घेतलं होतं. यशार केमाल हे पुढे गाजलेले कादंबरीकार तेव्हा तरुण बातमीदार होते. कुर्द मुसलमान, घराणं मूळचं याच सरोवराकाठचं. बोटीवर भेटलेल्या एका लष्करी डॉक्टरानं त्यांना ही गोष्ट सांगितली. दोघं बेटावर पोचले तोवर शेजारची लहान प्रार्थनागृहाची इमारत पडलीही होती. डॉक्टरानं मजुरांना दरडावून थांबवलं. केमाल यांनी आपल्या 'जुम्हुरियेत' या वर्तमानपत्राला कळवलं, वर्तमानपत्रानं मंत्रालय हलवलं, आणि २५ जून १९५१ ला पाडकाम थांबवण्याचा हुकूम आला. ते चर्च आज उभं आहे. भोवतालचा मठ मात्र पडकाच आहे. २०१० पासून तिथे पुन्हा प्रार्थना होऊ लागली.

कधी जाणं झालं तर बेटावर जाईनच. पण आधी नारेकला. त्या दिवशीची नमाज मात्र गावाबाहेर, सरोवराच्या काठावर पढेन.