पहिल्या पंगतीचा प्रश्न



वसतिगृहांचा इतिहास बहुधा इमारती, देणगीदार आणि विद्यार्थिसंख्या यांच्या आधारे सांगितला जातो. खेड्यातून प्रथमच आलेल्या मुलाचे पहिले आठ दिवस कसे गेले, हे अहवालात येत नाही. वास्तविक तो मुलगा शिकणार की घरची वाट धरणार, याचा निकाल पुष्कळदा त्याच आठ दिवसांत लागलेला असतो.

राजर्षी शाहू महाराजांनी 1896 साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी एक वसतिगृह उघडले. प्रवेशास कोणालाही मज्जाव नव्हता. तरीही थोड्याच वर्षांत ते जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. दार उघडे होते. आतली रीतभात मात्र शेतकऱ्याच्या पोराला परकी होती. महाराजांनी त्यावरून बोध घेतला आणि 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी निरनिराळी वसतिगृहे निघाली. नवा मुलगा आपल्या माणसांत आला आणि टिकला. या व्यवहारी शहाणपणाला नाके मुरडण्याचा अधिकार पुस्तकी समतावाद्यांना नाही.

परंतु त्याला मर्यादाही होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी गेला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्याने साफ नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

याच भाऊरावांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. येथे नव्या मुलाची वळकटी खाली उतरली की कामाची पाळी ठरलेलीच असे. पाणी भरणे, दळणे, केर काढणे, भाकऱ्या थापणे ही सारी कामे मुलेच करीत. घरी कधी चुलीपुढे न बसलेल्या मराठ्याच्या मुलाला त्यात कमीपणा वाटावा, तर ज्याच्या आईबापांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नसे, त्या महार-मांगाच्या मुलाचा हात सर्वांच्या पिण्याच्या घागरीला लागताना थरथरावा! एकाच्या मनात संकोच, दुसऱ्याच्या मनात धाक. दोघांची पाने मात्र एकाच पंगतीत मांडलेली. समतेवरील दहा व्याख्यानांनी जे साधले नसते, ते या पंगतीने साधले.

ते दिवस सुखाचे होते असे म्हणणे खोटे ठरेल. अन्न पोटभर मिळेलच याची शाश्वती नव्हती. घरात दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मुलांच्या अन्नासाठी दिले. त्या स्वतः सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. 1930 साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांना मिळते त्याहून मोठी जागा त्यांची आहे.

या पार्श्वभूमीवर 2018 सालची घटना पाहावी. राज्याच्या आदिवासी विकास विभागाने अनेक वसतिगृहांतील भोजनालये बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात भरण्याचे ठरविले. हिशेबाच्या दृष्टीने योजना सुटसुटीत होती; ठेकेदारांच्या निकृष्ट अन्नाच्या तक्रारीही खऱ्या होत्या. परंतु पाड्यावरून प्रथमच शहरात आलेल्या मुलाने, खात्यात रक्कम जमा होईपर्यंत, कोणाच्या दारात जेवावे? त्याच्या शेजारी पानावर कोण बसणार? या निर्णयाविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. स्वयंपाकघर परत मिळावे, ही त्यांची मागणी होती.

वसतिगृहास भेट देणाऱ्या कार्यकर्त्याने अधीक्षकांच्या खोलीत चहा घेण्याआधी स्वयंपाकघरात जावे. कोण रांधतो, कोण वाढतो, कोणाशेजारी कोण बसतो हे पाहावे. मग हजेरीपट मागावा आणि जूनमध्ये आलेल्या मुलांपैकी दिवाळीच्या सुटीनंतर किती परतली, ते मोजावे.