कळसूबाई : उंचीने पहिली, थराने तळची



कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या मापाने ५४०० फूट. एवढे आपणां सर्वांचे शाळेतच पाठ झालेले आहे. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे, नवरात्रात तेथे यात्रा भरते, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक असेल. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. हे जे सर्वांत उंच शिखर, ते ज्या दगडाचे बनले आहे तो दगड सह्याद्रीच्या रचनेत तळच्या थरांतला आहे. माळ्यावर चढून जावे आणि तेथे जोत्याचा दगड हाती लागावा, तसा हा प्रकार आहे. तो कसा घडला, हेच आज पाहू.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा आणि त्याचे टोक निमुळते, तेव्हा हा विझलेला ज्वालामुखीच असणार, असे पुष्कळ लोक धरून चालतात. जपानचा फूजी पर्वत चित्रात पाहिलेला असतो, त्याचा हा परिणाम. फूजी एका मुखातून वारंवार बाहेर पडलेल्या रसाने आणि राखेने रचला गेला. त्याच्या माथ्यावर ते मुख आजही आहे. कळसूबाईच्या माथ्यावर तसे मुख नाही, आणि कधी नव्हते. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक लोट थिजला की त्यावर दुसरा. यातला बहुतेक रस दहा लक्ष वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला असावा, असे आजच्या कालमापनावरून दिसते. एवढी झीज होऊनही आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या दगडाखाली आहे. त्या भेगांत थिजून राहिलेला रस नाशिक-पुण्याकडच्या डोंगरांतून काळ्या भिंतीसारखा उभा दिसतो.

म्हणजे कळसूबाई वर उचलून रचलेली नाही. आजूबाजूचे झिजून गेले आणि ती उरली. पावसाने आणि ओढ्यांनी थर कापत नेले. घट्ट थराचा कडा झाला, भुसभुशीत थराचा उतार झाला, आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलेला आहे. कसारा घाट चढणाऱ्या गाडीच्या खिडकीतून हे आडवे पट्टे कोणालाही दिसतील. त्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. वर्तमानपत्र मात्र घटकाभर खाली ठेवावे लागते.

आता मूळ मुद्दा. हे सारे थर दिसावयाला सारखेच काळे. कोणता जुना, कोणता नवा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या आय.आय.टी.चे के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी घाटाघाटांतून दगड गोळा करून त्यांची रासायनिक तपासणी केली. प्रत्येक थरसमूहाची रासायनिक घडण थोडी वेगळी निघाली, आणि त्यावरून त्यांची उतरंड लागली. सर्वांत खाली कळसूबाई उपगट, त्यावर लोणावळा उपगट, आणि सर्वांत वर वाई उपगट. महाबळेश्वरचा माथा १४३८ मीटर, म्हणजे कळसूबाईहून दोनशे मीटर ठेंगणा. पण त्याचा दगड वाई उपगटातला, वयाने पुष्कळ धाकटा.

थोरली खालची असून उंच कशी? कारण हे थर अगदी सपाट नाहीत. ते दक्षिणेकडे किंचित कलले आहेत. कल एका अंशाहूनही कमी, डोळ्याला जाणवणार नाही इतका. पण कळसूबाईपासून महाबळेश्वर सरळ रेषेत सुमारे १८५ किलोमीटर आहे. कल अर्धा अंश धरला तरी तेवढ्या अंतरात दीड किलोमीटरहून अधिक चढउतार होतो. ज्या थरांच्या वर कळसूबाईचे देऊळ आहे, ते दक्षिणेस जाताजाता जमिनीच्या पोटात उतरतात आणि नवे थर वर येतात. उद्रेकाचे ठिकाण हळूहळू दक्षिणेस सरकत गेले, असेही एक मत आहे. तसे असेल तर नव्या थरांचा मोठा भाग उत्तरेस पोचलाच नसेल. कळसूबाईवरून नेमके किती थर झिजून गेले, यावर अजून वाद आहे, आणि तो व्हावयालाही हवा.

भूगोलातही ही बाई लोकांना चकवते. सर्वांत उंच शिखर म्हणजे ते सह्याद्रीच्या मुख्य धारेवर असणार, असे आपण समजतो. ते तसे नाही. मुख्य धारेपासून पूर्वेकडे फुटलेल्या रांगेवर ते उभे आहे. म्हणून त्याच्या माथ्यावरचा एकही थेंब कोकणात जात नाही. उत्तरेकडचे पाणी दारणेच्या खोऱ्यात उतरते आणि निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते. दक्षिणेकडचे प्रवरेत जाते; १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणातून पुढे वाहत नेवाशाजवळ टोक्याला तेही गोदावरीत येते. माथ्यावर विभागलेले दोन थेंब एवढा वळसा घेऊन पुन्हा एकत्र येतात.

पण पायथ्याच्या गावांचे काय? पावसाळ्यात डोंगरावर पाणी मावत नाही, आणि वैशाखात बायका हंडे घेऊन झऱ्याशी रांग लावतात. याचेही उत्तर थरांतच आहे. घट्ट कातळात पाणी शिरत नाही. ते थराच्या वरच्या भोकाभोकांच्या आणि कुजलेल्या भागात मुरते, खालच्या घट्ट थराशी अडते, आणि जेथे डोंगर कापला गेला आहे तेथे सांध्यावर झरा होऊन बाहेर येते. म्हणून झरे एकेका उंचीवर ओळीने सापडतात. कातळात खोल बोअर मारले आणि भेग लागली नाही, तर हाती दगडाचा भुगा येतो, पैसे मात्र जातात. झऱ्याचे पाणी मुरते ते त्याच्या वरच्या पायरीवर, तिथल्या मातीत आणि झाडोऱ्यात. त्या पायरीवरचे झाड तोडले आणि माती ओढ्याने नेली, की खालचा झरा फाल्गुनातच आटू लागतो. तेव्हा गावात नवी विहीर कोठे खणावी, याचा विचार करताना वरच्या पायरीवर काय चालले आहे, हे आधी चढून पाहावे लागेल.