न दुखणारे पाऊल



वैद्यकावरचे व्याख्यान म्हटले की हृदय, मेंदू असा काही भारदस्त विषय असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज पावले घेऊन आलो आहे. पावलांच्या बाबतीत आपल्या वागण्यात मोठी विसंगती आहे. वडीलधाऱ्यांच्या पायांवर आपण भक्तिभावाने डोके ठेवतो. पण स्वतःचे तळवे आपण शेवटचे केव्हा पाहिले, असे या सभागृहात विचारले तर फारसे हात वर होतील असे मला वाटत नाही.

एका पावलात 26 हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून 52. म्हणजे सबंध शरीरातल्या 206 हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जमिनीलगत. इतके तुकडे कशाला? तर खाचखळग्यावर टेकताना पावलाने मऊ पडावे आणि लगेच पुढच्या क्षणी, शरीर पुढे ढकलताना, तेच पाऊल ताठ व्हावे म्हणून. ही दुहेरी चाकरी ते जन्मभर बिनबोभाट करीत असते.

बोभाटा सुरू होतो तो बहुधा टाचेपासून. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकावे तर टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, आणि दहा पावले चालल्यावर ती ओसरते. मग क्ष-किरण फोटो निघतो, त्यात टाचेच्या हाडाला टोक आलेले दिसते आणि ‘हाड वाढले’ म्हणून घरात चिंता पसरते. वास्तविक असे टोक मुळीच दुखणे नसलेल्या पुष्कळ माणसांतही आढळते. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा. उठण्यापूर्वी अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून हा पट्टा ताणावा, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात, घरातल्या फरशीवरही मऊ चपला घालाव्यात. काही महिने लागतात, पण बहुतेकांना शस्त्रक्रियेची पायरी चढावी लागत नाही.

पाय मुरगळला की घरात दोन पक्ष पडतात : एक गरम शेकाचा, दुसरा तेल लावून चोळण्याचा. पहिले दोन दिवस दोन्ही पक्षांना दूर ठेवावे हे बरे. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे बंध ताणलेले किंवा तुटलेले असतात. चोळल्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि तक्क्यावर उंच ठेवलेला पाय, इतके पुरे. हाड मोडले की काय, हे ओळखायला कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली काही साधे नियम घालून दिले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर फोटो काढावा. सूज उतरल्यावर मात्र पाय जपत बसू नये. एकदा मुरगळलेला घोटा पुनःपुन्हा मुरगळतो, कारण सांध्याची तोल सावरण्याची जाण बोथट झालेली असते. भिंतीजवळ रोज थोडा वेळ एका पायावर उभे राहण्याचा सराव केला तर ती परत येते.

कुरूप, नखुरडे, चिखल्या यांची हकीकत थोडक्यात आटोपतो. कुरूप हे अरुंद जोड्याचे कर्ज असते; ते ब्लेडने कापून फिटत नाही, जोडा बदलून फिटते. जोडा सायंकाळी घ्यावा, कारण तोवर पाय थोडे फुगलेले असतात. नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. भातलावणीच्या दिवसांत आणि शहरातल्या पावसातही बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या की चिखल्यांचे निम्मे काम संपते.

आता ज्याच्यासाठी मी आज इथे उभा आहे ते सांगतो. आतापर्यंतची सारी दुखणी दुखतात, आणि दुखतात म्हणून माणूस काळजी घेतो. मला भीती वाटते ती न दुखणाऱ्या पावलाची.

वेल्लोरला 1946 पासून काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पावलांचा बारकाईने अभ्यास केला. रोगामुळे मांस आपोआप झडते, असाच तोवर समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की झडते ते रोगाने नव्हे. संवेदना गेल्यामुळे रोजच्या लहानसहान जखमा कळत नाहीत, त्यांवरूनच माणूस चालत राहतो आणि पाऊल जाते. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लावले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पावलांच्या नसा मंदावतात. चालता चालता चपल पायातून गळून पडते आणि मागून येणारा सांगेपर्यंत कळत नाही, ही त्याची ठळक खूण आहे. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले भाविक येतात. त्यांना फोड दिसलेला असतो, चटका मात्र आठवत नाही. झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही, हेही घडते.

अशा माणसाने अनवाणी चालणे सोडावे, घरातसुद्धा. देवदर्शनाला फरशी तापण्यापूर्वी, जाड मोजे घालून जावे. देव रागावणार नाही. चपला मऊ तळाच्या आणि मागे पट्टा असलेल्या असाव्यात. घालण्यापूर्वी त्यांत हात फिरवून खडा-खिळा पाहावा. गरम पाणी कोपराने तपासावे. कुरूप घालवायच्या औषधी पट्ट्या लावूच नयेत. त्यांतले आम्ल चांगली कातडीही जाळते. आणि रोज रात्री, फरशीवर आरसा ठेवून, तळवा पाहावा. डोळे अधू असतील तर सुनेने वा नातवाने पाहावा.

आज घरी गेल्यावर एक परीक्षा करा. ज्यांना मधुमेह आहे त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटाने क्षणभर हलकेच स्पर्श करा. दाबू नका, चोळू नका. स्पर्श कळला की त्यांनी सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, आणि आत शिरताच पायांतले जोडे-मोजे काढायला लावा. डॉक्टर घाईत असले आणि नुसता साखरेचा कागद पाहू लागले, तरी पाऊल त्यांच्यापुढे करा.