परदेशी गेलेली मुले आणि त्यांचे अपंगत्वाचे पेन्शन



वर्धापनदिनाच्या दिवशी पेन्शनचा विषय कोठून काढला, असे काही जणींच्या मनात आले असेल. परंतु ज्या घरातील एकही मूल परदेशी नाही, असे घर आपल्या आळीत आता शोधावे लागते. मुलाला पगार किती, हे आपण कौतुकाने विचारतो. तो उद्या अंथरुणाला खिळला तर त्याचा चरितार्थ कसा चालेल, हे मात्र अशुभ म्हणून कोणी तोंडातून काढीत नाही. आज ते अशुभ मी बोलणार आहे.

कामगाराच्या अपंगत्वासाठी विम्याचा कायदा करण्यात जर्मनी आघाडीवर होती. बिस्मार्कच्या काळात, १८८४ साली अपघाताचा व १८८९ साली म्हातारपणाचा आणि अपंगत्वाचा विमा तेथे आला. अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा. त्यात अपंगत्वाची सोय व्हायला १९५६ साल उजाडले.

या मदतीच्या दोन जाती आहेत, आणि त्यांतील फरक कळला की निम्मे काम झाले. एक, पगारातून दरमहा कापलेल्या वर्गणीवर मिळणारी. दुसरी, माणूस त्या देशात राहतो आणि गरजू आहे म्हणून सरकार देते ती. ही दुसरी मदत सहसा सीमा ओलांडीत नाही. अमेरिकेत गरीब अपंगांना मिळणारा भत्ता देशाबाहेर ३० दिवस राहिले की थांबतो. ऑस्ट्रेलियाचे अपंगत्वाचे पेन्शन बाहेर गेल्यावर वर्षात साधारणपणे २८ दिवसच चालते. तेव्हा "आजारी आहेस तर घरी ये, मी करीन तुझे" असे म्हणण्यापूर्वी आईने, त्याला मिळते ती मदत कोणत्या जातीची, हे विचारून घ्यावे.

वर्गणीची मदतही वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकेत वर्षाला जास्तीत जास्त ४ गुण जमतात आणि निवृत्तिवेतनाला ४० गुण लागतात. ते एकदा जमले की राहतात. अपंगत्वाचा नियम निराळा. ३१ वर्षांवरील माणसाला बहुधा शेवटच्या १० वर्षांत २० गुण दाखवावे लागतात. म्हणजे वीस वर्षे तेथे राबून पुण्याला परतलेल्या गृहस्थाचे हे संरक्षण पाचएक वर्षांत संपते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कॅनडात शेवटच्या ६ वर्षांपैकी ४ वर्षे वर्गणी भरलेली लागते. फार जुन्या वर्गणीदारांना थोडी सवलत आहे.

आता आपल्या लेकींचे. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली मुलगी शिकलेली असूनही पुष्कळदा घरीच बसते. तिच्या नावावर वर्गणी नाही, म्हणून ती स्वतः अपंग झाली तर अपंगत्वाचे पेन्शनही नाही. घटस्फोट झाला आणि लग्नाला १० वर्षे झालेली नसली, तर नवऱ्याच्या खात्यावरचा घटस्फोटितेचा हक्कही बुडतो. अमेरिकेचे नागरिकत्व नसलेली विधवा भारतात परतली, तर नवऱ्याशी नाते असताना तिने अमेरिकेत किमान ५ वर्षे काढली होती का, हेही पाहतात. जावयाची पगारपत्रके आपण पाहत नाही, पाहूही नयेत. पण कायद्याने काम करता येत असेल तेव्हा, अर्धवेळ का होईना, नोकरी धर, असे लेकीला सांगायला काय हरकत आहे?

भारताने काही देशांशी करार केले आहेत. कॅनडाशी झालेला २०१५ मध्ये अमलात आला, जपानशी २०१६ मध्ये, जर्मनीशी व्यापक करार २०१७ मध्ये. अशा करारांमुळे इकडची व तिकडची वर्षे हक्क ठरविण्यापुरती एकत्र धरता येतात, आणि कंपनीने तात्पुरते पाठविलेल्या माणसाची दुहेरी कपात टळते. त्यासाठी येथील भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला घेऊन जावे लागते. अमेरिकेशी मात्र असा करार नाही. आखाताचे तर बोलायलाच नको. अमिरातीचे सरकारी पेन्शन तेथील नागरिकांसाठी. आपल्या माणसाला नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, तीही मूळ पगारावर.

आपल्याकडेही एक सोय आहे आणि तिची फारशी कोणाला माहिती नसते. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर १० वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. रक्कम तुटपुंजी असते, हे मी लपवीत नाही.

म्हणून मुले दिवाळीला येतील तेव्हा फराळाबरोबर एक जाड लिफाफाही त्यांच्यापुढे ठेवावा. त्यात तेथील विमा क्रमांक, प्रत्येक नोकरीची तारीखवार यादी, वर्गणीचा उतारा आणि लग्नाच्या नोंदणीची प्रत असावी. प्रती दोन कराव्या. एक सुनेजवळ किंवा लेकीजवळ, दुसरी आपल्या कपाटात. ज्यांना शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळ यावे. येताना मुलगा कोणत्या देशात आणि किती वर्षे, एवढे कागदावर लिहून आणावे.