लेकराला जेवताना ठसका का लागतो?

आजचा भाग नांदेड-लातूरकडच्या आईबाबांसाठी, आज्यांसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी.

लेकरू पाणी पिताना ठसकतं. जेवल्यावर आवाज घरघरतो. एका जेवणाला अर्ध्या तासाच्या वर लागतो, वजन वाढत नाही, न्यूमोनिया परत परत होतो. घरचे म्हणतात, "छातीच नाजूक आहे." पण कधीकधी दूध किंवा घास श्वासनलिकेत उतरत असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. आणि काही मुलांना तर श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच लागत नाही! म्हणून 'खोकत नाही, म्हणजे ठीक आहे' असं धरू नका.

तपासणीत स्पीच थेरपिस्ट आधी लेकराला जेवताना बघतात. मान कशी राहते, ओठ मिटतात का, एका घासाला किती वेळा गिळतं, मध्ये दम लागतो का. म्हणून जाताना घरचंच जेवण आणि रोजचा वाटी-चमचा न्या. मोबाईलवर जेवणाचा व्हिडिओ काढला तर फारच उत्तम. गरज वाटली तर बेरियम मिसळलेला घास देऊन हलता एक्स-रे घेतात. त्याला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात. घास कुठे जातो ते त्यात दिसतं.

उपचार बरेचसे घरीच करायचे असतात. पायांवर आडवं घालून बोंडल्यानं ओतणं, नाक दाबून पाजणं आजपासून बंद. लेकराला आधार देऊन बसवा, मान मागे पडू देऊ नका. छोटा घास द्या, गिळल्यावरच पुढचा. पातळ पाणी घशात झरकन उतरतं, त्यामुळे काहींना घोटलेला वरण-भात सोपा जातो. किती घट्ट द्यायचं, हे मात्र थेरपिस्टनं ठरवायचं. जगभर त्यासाठी ० ते ७ अशा पायऱ्यांची आयडीडीएसआय पद्धत वापरतात. तान्ह्या बाळाच्या दुधात मनानं काही कालवू नका. शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांच्या हातीच देऊ नका.

कुठे जायचं? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. नाहीतर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथे बालरोग विभागात विचारा. जेवताना ओठ निळे पडले, तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

पुन्हा न्यूमोनिया झाला, तर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: "याचं गिळणं तपासायचं का?" भेटू पुढच्या भागात.